अण्णा ऑनलाइन आहेत

१

"वहिनी, तुम्ही बसलाय का? आधी बसा. अण्णा ऑनलाइन आहेत."

बुधवारी दुपारी पुण्याहून माझ्या धाकट्या दिराचा, सम्मेदचा फोन. मी बसले नाही. उलट खुर्ची मागे सरकवून उभी राहिले, का ते सांगता यायचं नाही. अण्णा म्हणजे आमचे सासरे, तवनाप्पा. त्यांना पंचगंगेवर पोचवून पाच महिने झाले होते.

"काय बोलताय भाऊजी?"

"खरं सांगतोय. परीक्षा संपली म्हणून आज बऱ्याच दिवसांनी अण्णांच्या खात्यावरचा ट्रकचा गेम उघडला. तर स्क्रीनवर आलं, ही लायब्ररी आत्ता दुसरं कोणीतरी वापरत आहे. बघतोय तर अण्णांच्या नावापुढं हिरवा ठिपका. आणि वहिनी..." तो कुजबुजला. "सेल लागलाय. अण्णांनी आत्ता हिमालय विकत घेतला."

घरात कुणी नव्हतं. दुपारी आई, म्हणजे माझ्या सासूबाई, माझ्या लेकीला तीर्थाला घेऊन बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, स्वाध्यायाला जातात. म्हणून तर मला घरून कॉलेजचं ऑनलाइन काम उरकता येतं. त्या रिकाम्या घरात मी पहिलं काय केलं असेल, तर पुढच्या दाराची कडी लावली. मग मागच्या दाराची.

अण्णा मार्केट यार्डातले गुळाचे व्यापारी. गुडघे गेले आणि पेढी सुटली, तेव्हा माझ्या नवऱ्याच्या, अभिनंदनच्या मित्रानं, शार्दूलनं त्यांना हा नाद लावला. कॉम्प्युटर, त्याला जोडलेलं स्टिअरिंग, पायाखाली ब्रेक-एक्सलेटरची पेडलं. समोरच्या पडद्यावर भारतभरचे रस्ते आणि अण्णांचा निळा ट्रक. गेम डाउनलोड करून घ्यायचा. डबा नाही, सीडी नाही. पुढचे भाग, म्हणजे कोकण, राजस्थान, हिमालय, एकेक करून वेगळे विकत मिळायचे. पण अण्णा व्यापारी माणूस. सांगितल्या भावाला त्यांनी आयुष्यात काही घेतलं नाही. वर्षातून तीन-चार वेळा सेल लागायचा, तोवर ते गप्प बसायचे. हिमालयावर त्यांचा फार जीव होता. बद्रीनाथच्या बाजूला अष्टापदाच्या यात्रेला जायचं त्यांच्या मनात होतं आणि डॉक्टरांनी नको म्हणून सांगितलं होतं. "भाव पडू दे की, मग जाऊ," म्हणायचे.

जुलैत एका दुपारी कॉम्प्युटरपुढच्या खुर्चीत, हात स्टिअरिंगवर असताना, ते गेले.

आणि आता डिसेंबरात भाव पडला होता.

२

"मढ्याच्या टाळूवरचं लोणी खातंय कोण तर!" अभिनंदन इतक्या मोठ्यानं ओरडला की तीर्था दचकून माझ्या मागं लपली.

अभिनंदन शांत माणूस आहे. पण या गेमचं नाव काढलं की त्याचं डोकं फिरतं. त्या खुर्चीनंच अण्णांना नेलं असं त्याच्या मनानं घेतलंय. तेराव्याच्या आत त्यानं शार्दूलला बोलावून सगळं सामान उचलायला लावलं होतं. 'विक, फेक, काय पण कर. माझ्या डोळ्यांसमोर नको.' तेव्हा आई दारात उभ्या होत्या.

"पासवर्ड कुणाला ठाऊक?" मी विचारलं.

"अण्णांना. आणि शार्दूलला. खातं त्यानंच उघडून दिलेलं. अण्णांनी आत पैसे भरून ठेवले होते, ते त्याला माहीत आहेत. मशिन त्याच्याकडं आहे. आणखी काय पायजे?"

"अहो, शार्दूल तसला नाही. अण्णांनी त्याला कॉम्प्युटर-दुरुस्तीचं दुकान थाटून दिलं."

"म्हणून तर!" अभिनंदन म्हणाला. "शुक्रवारी अर्धी रजा टाकतो आणि पोलिसांत तक्रार देतो. शाळेपासूनचा दोस्त असू दे, न्हायतर कोण असू दे."

राजारामपुरीतल्या शार्दूलच्या दुकानात लोक आपले कॉम्प्युटर, फोटो, बँकेचे पासवर्ड, सगळं निर्धास्त सोडून जातात. मेलेल्या माणसाचं खातं फोडलं अशी नुसती कुजबुज झाली, तरी ते दुकान महिन्याभरात बंद पडेल. मग खरं काय होतं ते कितीही कळू दे.

जेवताना मी आईंकडे बघत होते. सूर्य बुडायच्या आत त्यांचं ताट झालेलं. त्या नुसत्या आमच्याजवळ बसल्या होत्या. अभिनंदनचं बोलणं ऐकून त्यांचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला.

"पोलिसात कशाला रे?" त्या एवढंच म्हणाल्या. "गेलेल्या माणसाचं नाव पोलिसात कशाला?"

रात्री सम्मेदला परत फोन लावला. अण्णा आणि तो, दोघांनी त्या गेममध्ये भागीदारीत ट्रकची कंपनी काढली होती. कोणता ट्रक कुठं उभा आहे, काय माल नेला, ते त्याला दिसायचं.

"मी मेसेज टाकला, कोण आहे म्हणून. उत्तर नाही," तो म्हणाला. "पण वहिनी, एक सांगू? हसू नका. मला भीती वाटाय लागलीय."

"का?"

"जे कोण आहे ते महिनाभर रोज दुपारी एक फेरी करतंय. चोरानं चोरासारखं खेळावं की नाही? मटणाच्या कंटेनरला भाडं जास्त मिळतं, हा माणूस उचलत नाही. दारूचा माल नाही. मधाचा नाही. आणि गेममध्ये सूर्य मावळला की ट्रक रस्त्याच्या कडेला. रात्री चालवतच नाही." तो थांबला. "असं एकच माणूस चालवायचं."

फोन ठेवला आणि मी तीर्थाला कुशीत घेऊन जागीच राहिले. आमच्या अण्णांनी खेळातसुद्धा कधी मांस वाहिलं नाही, अंधार पडल्यावर ट्रक हलवला नाही. हे बाहेरच्या चोराला कसं ठाऊक असेल?

३

दुसऱ्या दिवशी सकाळी वरच्या मजल्यावर गेले. तिथं आमचा भाडेकरू राहतो, उदयसिंह. घरूनच कुठल्याशा कंपनीचं काम करतो आणि उरलेला वेळ गेम खेळतो. सेल कधी लागणार हे अण्णांना तोच सांगायचा. आमचं वायफायही वापरतो. मी सरळ विचारलं.

"मी?" त्याला आधी हसू आलं, मग राग. "वैनी, माझ्यावर संशय? थांबा, दाखवतो."

त्यानं लॅपटॉपवर ते दुकान उघडलं. रंगीबेरंगी चौकटी, प्रत्येकीवर हिरव्या पट्टीत सवलत.

"तुमच्या चोरानं काय घेतलं? फक्त हिमालय. व्हय का न्हाय?"

"हो."

"हितं बघा. हिमालय, कोकण, राजस्थान आणि ईशान्य भारत, सगळं एका बंडलात. सेलमध्ये बंडल आणि सुटा हिमालय यांच्यात चहा-वड्याचा फरक. जो कोण गेम खेळतो, तो डोळे झाकून बंडल उचलतो. मी उचललं. सम्मेदनं उचललं असतं. शार्दूल तर दुकानदार, त्यानं पयलं बंडल उचललं असतं. सुटा हिमालय घेणारा माणूस एकतर येडा हाय, न्हायतर त्याला हिमालय सोडून दुसरीकडं जायचंच न्हाय."

"आणि रात्री ट्रक न चालवणारा?"

"वैनी, रात्रीच तर मजा असती. रस्ता रिकामा. रात्री थांबणारा गेमर मी तर बघितला न्हाय." तो दार लावता लावता थबकला. "अण्णा सोडून."

४

संध्याकाळी मी गेले तेव्हा शार्दूलच्या दुकानात गर्दी नव्हती. तो उठून उभा राहिला तसं छपराला डोकं लागेल असं वाटलं. तालमीत घडलेला सहा फुटी गडी.

"या वैनी. एकट्याच? चहा सांगू?"

"अण्णांचा कॉम्प्युटर विकला का?"

"न्हाय अजून." फार पटकन उत्तर आलं. "गिऱ्हाईक कुठं मिळतंय. मागं पडलाय तसाच. उघडला पण न्हाय."

"बघू?"

"कशाला वैनी, धूळ हाय नुसती..."

मी पडदा सारला.

धूळ नव्हती. टेबल पुसलेलं होतं. अण्णांचं स्टिअरिंग, अण्णांची खुर्ची, वर स्वच्छ पांढरा पंचा अंथरलेला. मी कॉम्प्युटरच्या डब्यावर हात ठेवला आणि भाजल्यासारखा मागे घेतला. डबा गरम होता.

"शार्दूल, हे काय?"

त्यानं मान खाली घातली. एवढा मोठा माणूस, पण कानशिलं लाल झाली. "वैनी, मी काय पण चुकीचं केलेलं न्हाय. ह्याच्या म्होरं मला विचारू नका. शपथ हाय मला."

"कुणाची?"

त्यानं खुर्चीवरचा पंचा सारखा केला.

"उद्या हे पोलिसात जातायत. कळतंय का तुला?"

"जाऊ द्या," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "अभ्याला सांगा, यायच्या आधी एकदा मला तोंडावर विचार. बास."

निघताना माझी नजर खाली गेली. ब्रेक आणि एक्सलेटरची पेडलं जमिनीवर नव्हती. दोन्हीखाली विटा लावून ती वर उचलून घेतली होती.

शार्दूलच्या पायांना विटा लागणार नव्हत्या. गुडघे टेबलाला आपटतील असा त्याचा बांधा. ज्याचे पाय जमिनीला पुरत नाहीत असं कोणीतरी इथं बसत होतं. माझ्या डोक्यात पहिला विचार लहान मुलाचा आला. कुणाचं मूल? पडद्याआड, बंद खोलीत, रोज दुपारी?

घरी येऊन मी अभिनंदनला गरम डब्याचं सांगितलं. विटांचंही सांगितलं. त्यानं विटा ऐकल्याच नाहीत.

"गरम होता ना? झालं तर मग. उद्या तीनला निघतो."

मीच शार्दूलच्या गळ्याला दोर लावून आले होते.

५

शुक्रवारी सकाळी मी स्वयंपाकघरात मेथी निवडत होते आणि तीर्था ओट्याखाली खेळत होती. पालथं ताट हातात धरून गरागरा फिरवत होती. तोंडानं घुर्र घुर्र. आजोबांचं बघून शिकली असेल, म्हणून मी कौतुकानं बघत होते.

मग तिनं देव्हाऱ्यातला वातींचा कापूस आणला. फरशीवर माझ्या ओढणीचा लांब वळणावळणाचा रस्ता केला आणि त्याच्या दोन्ही बाजूंना कापसाचे ढीग लावले.

"हे काय गं?"

"बर्फ," तीर्था म्हणाली. "बर्फात जोरात नाही जायचं. गाडी घसरते."

माझ्या हातातली मेथी खाली पडली.

अण्णांच्या ट्रकनं बर्फ कधी पाहिलाच नव्हता. त्यांच्याकडं हिमालय नव्हता. तो बुधवारी घेतला गेला. बुधवारनंतर माझ्या लेकीनं तो कुठंतरी पाहिला होता. आणि माझी लेक घराबाहेर जाते ती एकतर माझ्याबरोबर, नाहीतर...

मी ओट्याला धरून उभी राहिले आणि समोर पडलेल्या मेथीकडे बघत राहिले. मेथीवरून काहीतरी आठवत होतं. मागच्या आठवड्यात अशीच जुडी आणली तेव्हा आईंनी टोकलं होतं. "रुचिता, आज चतुर्दशी. हिरवं न्हाय चालत, विसरलीस व्हय?" आणि मी मुगाच्या डाळीवर भागवलं होतं. तो गुरुवार होता.

मी सम्मेदला फोन लावला. "भाऊजी, ट्रक रोज फिरतो म्हणालात. एकही दिवस खाडा नाही?"

"आहे की. मागचा गुरुवार उभाच होता. त्याच्या आधी एक शुक्रवार."

तो शुक्रवार अष्टमी होती. त्याही दिवशी मी डाळ-भाकरीच केली होती. अष्टमी-चतुर्दशीला आई उपास करतात. घरातून पाऊल बाहेर टाकत नाहीत.

"वहिनी? काय झालं? कोण आहे?"

मी फोन ठेवला. खरं तर ओरडावंसं वाटत होतं. ज्या बाईनं साधी मोपेड कधी हातात धरली नाही, मिक्सरचं बटण दाबताना जी दोन पावलं मागे सरकते!

६

तीनला अभिनंदननं स्कूटर काढली. मी मागं बसले आणि म्हटलं, "आधी राजारामपुरी."

"कशाला? त्याला सावध करायला?"

"शार्दूलनं तुम्हाला एकदा तोंडावर विचारायला सांगितलंय. विचारा. मग वाटलं तर मी स्वतः तुमच्याबरोबर पोलिसांत येते."

सिग्नलला थांबलो तेव्हा मी मागून त्याच्या कानाशी सांगत गेले. "ऐका. ज्यानं हिमालय घेतला त्याला गेमची हौस नाही, नाहीतर बंडल घेतलं असतं. त्याला फक्त हिमालयात जायचंय. म्हणजे सम्मेद नाही, उदयसिंह नाही, शार्दूलही नाही. त्याला अण्णांचे नियम पाठ आहेत. मांस नाही, मध नाही, सूर्य बुडाल्यावर गाडी नाही. हे वाचून कळत नाही. शेजारी बसून बघणाऱ्यालाच कळतं."

"शेजारी कोण बसायचं?" तो म्हणाला आणि त्यानं मान वळवली.

"पाय पेडलांना पोचत नाहीत, म्हणून विटा. अष्टमी-चतुर्दशीला गाडी उभी. आणि सगळ्यात मोठं म्हणजे, आपल्या तीर्थानं हिमालयातला बर्फ बघितलाय."

मागची गाडी हॉर्न वाजवत होती. सिग्नल कधीचा सुटला होता. अभिनंदनला ते कळलंच नाही.

दुकानात शार्दूल उठून उभा राहिला. दोघं मित्र समोरासमोर आले. शार्दूलनंच हळू आवाजात सांगितलं, "महिन्यापूर्वी आल्या. म्हणाल्या, शार्दूल, एकदा बसू दे रे. मग रोजच. तुला कळलं तर मशिन फोडशील म्हणून शपथ घातली. मी काय करणार होतो? ती माझी पण आई हाय की."

"आणि बंडल?" मी विचारलं. मला राहवलंच नाही.

"लई सांगितलं बंडल घ्या म्हणून. म्हणतात, जायचंय एकाच ठिकाणी, बाकीचं घेऊन ठेवायचं कशाला?"

अभिनंदननं पडदा सारला.

अण्णांच्या खुर्चीत आई बसल्या होत्या. पदर खांद्यावरून घट्ट खोचलेला, पाय विटांवरच्या पेडलांवर, दोन्ही हातांनी स्टिअरिंग गच्च धरलेलं. शेजारच्या स्टुलावर तीर्था, डोळे विस्फारून समोर बघत. पडद्यावर पांढऱ्या डोंगरांच्या कुशीतून रस्ता वर चढत होता.

पण मला धक्का बसला तो त्यानं नाही. आम्ही सगळ्यांनी तो गेम पाहिलेला. पडद्यावर नेहमी ड्रायव्हरच्या डोळ्यांना दिसतं तसं दिसायचं. आता तसं नव्हतं. आईंनी शार्दूलला सांगून नजर डावीकडे, क्लीनरच्या जागेवर सरकवून घेतली होती. त्यामुळे पडद्याच्या उजव्या बाजूला ट्रकमधली ड्रायव्हरची सीट दिसत होती. ती रिकामी होती. आणि तिच्यासमोरचं स्टिअरिंग आपोआप वळत होतं.

अभिनंदन पुढे झाला.

"आई..."

आई दचकल्या. पण ब्रेक मारला नाही. घाटात मारायचा नसतो. वळण पार केलं, मग नजर न हलवता म्हणाल्या, "रागावू नको रे बाळा. मी कुठं चालवतोय? गाडी हेच चालवत्यात. मी आपली बाजूला बसतोय, रोजच्यासारखी."

"मला सांगायचं तरी, आई."

"काय सांगू? तू म्हणालास, या खुर्चीनं अण्णांना नेलं. त्या दिवशी मी ह्या खुर्चीच्याच शेजारी होतो. अण्णा म्हणाले, पद्मा, भाव पडला की हिमालयात जाऊ. मी म्हटलं, व्हय. एवढंच शेवटचं बोलणं झालं. मग मान खाली गेली. गाडी रस्त्याच्या मधीच उभी होती रे, महिनोन्‌महिने. मधीच कशी सोडायची?"

अभिनंदननं खिशातून तक्रारीचा कागद काढला आणि न बघता चुरगाळला. शार्दूलनं बाहेरून एक खुर्ची आणून पलीकडं ठेवली. अभिनंदन बसला. त्याचा हात शार्दूलच्या मनगटावर होता. तो त्यानं बराच वेळ सोडला नाही.

पडद्यावर डोंगर तांबूस व्हायला लागले. बर्फावर लांब सावल्या पडल्या. आईंनी हळूहळू वेग कमी केला, ट्रक रस्त्याच्या कडेला घेतला आणि इंजिन बंद केलं.

"लाइट लावून जा की," अभिनंदन म्हणाला. "अजून थोडंच राहिलंय दिसतंय."

"सूर्य बुडाला," आई म्हणाल्या, जणू त्यानं रात्री जेवायला वाढ म्हटलं होतं. "आता न्हाय."

माझ्या पर्समध्ये फोन वाजला. सम्मेद. त्यानं नमस्कारही केला नाही. "वहिनी, ट्रक थांबला. बद्रीनाथच्या अलीकडं थांबलाय. काय कळलं का?"

मी आईंकडे बघितलं. त्या स्टिअरिंगवरची नसलेली धूळ पदरानं पुसत होत्या.

"उद्या अष्टमी आहे भाऊजी," मी म्हटलं. "परवा निघतील."